खाडा आणि खुलासा

मुंबईच्या काही कापडगिरण्यांत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत अशी वहिवाट होती की, जो कामगार एक दिवस कामावर आला नाही त्याच्या पगारातून दोन दिवसांची मजुरी कापून घ्यावी. या वहिवाटीला ‘दुहेरी खाडा’ म्हणत. पहिल्या दिवसाची मजुरी न मिळणे समजण्यासारखे होते, कारण त्या दिवशी काम झालेलेच नसे. परंतु दुसऱ्या दिवसाची मजुरी, जी त्याने घाम गाळून रीतसर मिळवलेली असे, ती कोणत्या अपराधाबद्दल जप्त होत होती, असे कोणी विचारले असते तर गिरणीच्या दप्तरातून एकच उत्तर मिळण्याजोगे होते, आणि ते म्हणजे हा इसम न विचारता घरी राहिला. १९२६च्या सुमारास मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने पगारातून होणाऱ्या दंडांची व कपातींची चौकशी केली, तेव्हा ही आणि अशा पुष्कळ वहिवाटी सरकारी कागदांत नमूद झाल्या.

गिरणगावातल्या संपांचा इतिहास बराच लिहिला गेला आहे, आणि तो लिहिला जाणे रास्तच होते. १९२८ साली एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद ठेवणाऱ्या कामगारांनी या देशाच्या सार्वजनिक जीवनाला जी कलाटणी दिली, तिचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु संप म्हणजे हजारोंनी मिळून केलेली गैरहजेरी. तिच्या पाठीशी युनियन असते, पुढारी असतात, वर्तमानपत्रे असतात, आणि अखेरीस सरकारी चौकशीही असते. एकट्या माणसाची, एका दिवसाची, मुलाच्या तापामुळे किंवा गावाकडच्या मर्तिकामुळे घडलेली गैरहजेरी मात्र निराधार असते. ‘मला आज येता येत नाही’ एवढे साधे वाक्य कामगाराच्या खोलीपासून गिरणीच्या ऑफिसपर्यंत कोणी न्यायचे, कोणत्या कागदावर न्यायचे, आणि तेथे ते खरे मानायचे की नाही हे कोणी ठरवायचे, या प्रश्नांचा इतिहास संपांच्या इतिहासाइतकाच जुना आहे. माझ्या मते कामगाराच्या मनातला सल वेतनाच्या प्रश्नाइतकाच या प्रश्नाशीही निगडित होता. कारण कमी वेतनाने माणसाचे पोट जळते, पण त्याचा शब्द खोटा धरला गेला म्हणजे त्याची प्रतिष्ठा जळते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढलेल्या कंपनीची पहिली गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली, आणि पुढल्या तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी या भागांत धुरांड्यांची रांग उभी राहिली. या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुटी नसे. सणावारी बंद राहणारे थोडे दिवस आणि यंत्रे साफ करण्यासाठी काढलेले अर्धेमुर्धे दिवस सोडले, तर वर्षभर भोंगा वाजतच राही. १८८१च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने लहान मुलांच्या कामाचे तास नऊवर आणले आणि त्यांना महिन्याकाठी चार सुट्या दिल्या, पण प्रौढ पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या वाट्याला त्यातले काहीच आले नाही. अशा स्थितीत माणसाने विश्रांती घ्यायची तर ती खाडा करूनच घ्यावी लागे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या काळच्या मालकांनी आणि अधिकाऱ्यांनी हिंदी मजुराच्या ‘अनियमित स्वभावा’विषयी जी पानेच्या पाने लिहिली आहेत त्यांचे खरे वजन कळते. १९०८च्या फॅक्टरी लेबर कमिशनपुढेही मालकांची बाजू साधारण अशी होती की, कामगार दिवसातून तास-दोन तास आवारात विडी ओढत, जेवत, पडून घालवतो, आपली विश्रांती आपणच घेतो, म्हणून त्याचे तास कायद्याने कमी करण्याचे कारण नाही. जी विश्रांती हक्क म्हणून मागितली असता नाकारली जात होती, तीच चोरून घेतली म्हणून तो कामचुकार ठरत होता, आणि कामचुकार ठरल्यामुळे हक्कालाही अपात्र ठरत होता. हे चक्र ज्यांनी रचले त्यांना त्यातला अन्याय दिसला नसेल असे मानणे मला कठीण वाटते.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे चक्र प्रथम ओळखले. स्वतः गिरणीत स्टोअरकीपरचे काम केलेला, सत्यशोधक समाजाच्या संस्कारात वाढलेला आणि ‘दीनबंधू’ हे पत्र चालवणारा हा गृहस्थ १८८४च्या सप्टेंबरात गिरणी कामगारांच्या सभा भरवतो आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार करतो, तेव्हा त्या अर्जात पगारवाढीची मागणी अग्रभागी नसते. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पोटाला आधार, अशा त्या मागण्या आहेत. यांतली पगाराच्या तारखेची मागणी आपल्या विषयाशी फार जवळून निगडित आहे. पगार नेहमी मागे ठेवलेला असे. महिनाभराचे काम झाल्यावर पुढचे दोन आठवडे तरी तो मालकाच्या हातात असे, आणि न सांगता गेलेल्या माणसाचा तो मागे राहिलेला पगार बुडे. सांगून जावे तर परवानगी नाही, आणि न सांगता जावे तर कमाई जप्त, या पेचात माणूस अडकून राही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या मंडळाने रविवारची सुटी मान्य केली. पुढल्या वर्षीच्या कायद्याने आठवड्याच्या सुटीवर शिक्कामोर्तब झाले. रविवार मिळाला, सोमवारी ताप आला तर काय करायचे, हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहिला.

त्या प्रश्नाचे त्या काळचे उत्तर म्हणजे जॉबर. इंग्रज मॅनेजर किंवा पारशी वीव्हिंग-मास्तर यांच्याशी कामगाराचा बोलण्याचा प्रसंगच सहसा येत नसे. माणूस कामावर घेणारा, साचा नेमून देणारा, चुकीबद्दल दंड सुचवणारा आणि हजेरीच्या वहीत कोणाच्या नावापुढे काय पडावे हे ठरवणारा जॉबर हाच त्याचा सरकार. बायकांच्या खात्यांत, म्हणजे कांडीखात्यात आणि रिळाच्या खात्यात, हेच काम नायकीण करी. जॉबर बहुधा कामगारांच्याच मुलखातला, कधी त्याच गावचा, त्याच चाळीतला असे, आणि त्याच्या खोलीवर जाऊन ‘उद्या येत नाही, पोराला बरे नाही’ असे सांगता येई. या व्यवस्थेत माणुसकीला जागा होती, हे कबूल केलेच पाहिजे. दोघांनाही एकच भाषा येत होती आणि ताप म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक होते. पण ही माणुसकी फुकट नसे. दस्तुरी, दिवाळीची भेट, त्याच्या ओळखीच्या दुकानातली उधारी, त्याने दिलेल्या कर्जाचे व्याज या वाटांनी तिची किंमत वसूल होई, आणि जो ती देऊ शकत नसे त्याचा निरोप ऑफिसात पोचत नसे. १९२९ ते १९३१ या काळात हिंदुस्थानभर फिरलेल्या व्हिटली कमिशनने, म्हणजे रॉयल कमिशन ऑन लेबरने, हे स्वच्छ नोंदवले आहे की, गावाहून परत आलेल्या कामगाराला आपलीच जुनी जागा परत मिळवण्यासाठी जॉबरचा हात ओला करावा लागतो.

गावाला जाणे ही गोष्ट इथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण मुंबईच्या गिरणीतल्या गैरहजेरीचे मूळ पुष्कळ अंशी तिच्यात होते. गिरणी कामगारांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोकांचा होता, आणि त्यांच्या मागोमाग घाटावरचे, साताऱ्या-पुण्याकडचे लोक येत. कोकणातल्या माणसाची बायको, आईबाप आणि चार गुंठे भातजमीन गावी, आणि तो स्वतः परळच्या चाळीत गावकीच्या खोलीत, दहापंधरा गाववाल्यांबरोबर, पाळीपाळीने वळकटी पसरून राहणारा. शिमगा, गणपती, पेरणी-लावणी आणि लग्नसराई या निमित्तांनी तो गावी जाई, आणि एप्रिल-मे महिन्यांत गिरण्यांतली गैरहजेरी वाढे. लेबर ऑफिसच्या ‘लेबर गॅझेट’ मासिकात, जे १९२१ पासून निघू लागले, गैरहजेरीचे शेकडा प्रमाण महिन्यामहिन्याला छापले जाई, आणि दर उन्हाळ्यात तो आकडा चढलेला दिसे. तो का चढतो, हे कळायला मात्र आकडा पुरेसा नव्हता. कोकणात जायला आगबोट हाच मुख्य मार्ग होता, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद होत. मे महिन्यात आठ-पंधरा दिवसांची रजा घेऊन गेलेल्या माणसाच्या घरी काही दुखणे निघाले आणि शेवटची बोट चुकली, तर घाट चढून, कोल्हापूर किंवा कराड गाठून, तिथून रेल्वेने मुंबईला येणे हा कित्येक दिवसांचा आणि कित्येक रुपयांचा मामला होता. त्याने तार करावी असे ऑफिस म्हणे. आणि तारऑफिस त्याच्या गावापासून दिवसभराच्या चालीवर असे.

म्हणून कामगारांनी स्वतःचीच एक तजवीज काढली होती, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. गावी जाणारा माणूस आपल्या जागी आपलाच कोणी चुलतभाऊ, मेहुणा किंवा गाववाला बदली म्हणून उभा करून जाई. जॉबरची संमती त्याला घ्यावी लागे आणि ती बहुधा विकतच घ्यावी लागे. पण साचा चालू राही, गावाहून नव्याने आलेल्या पोराला काम शिकायला मिळे, आणि मूळ धनी परतला की बदली मुकाट्याने बाजूला होई, कारण दोघांमध्ये नात्याची भीड असे आणि रात्री दोघांना एकाच खोलीत जेवायचे असे. विणकऱ्याच्या बाबतीत यातून कज्जेही उद्भवत. अर्धे कापड बदलीने विणलेले आणि अर्धे परतलेल्या धन्याने, अशा ताक्यात दोष निघाला तर दंड कोणी सोसायचा, आणि बिघडलेले कापड गळ्यात मारले गेले तर ते कोणी विकत घ्यायचे, यावरून भांडणे होत आणि ती खोलीतच मिटवली जात. सदोष असली तरी ही व्यवस्था कामगारांच्या हातात होती. गैरहजेरीची सूचना आणि तिची भरपाई, दोन्ही एकदमच होऊन जात. कारण सांगावेही लागत नसे आणि पटवावेही लागत नसे.

प्लेगच्या दिवसांत हे सारे काही काळ उलटे झाले होते. १८९६च्या अखेरीस आणि १८९७ मध्ये मुंबई ओस पडू लागली, कामगार हजारोंनी गावी निघून गेले, आणि गिरण्या चालू ठेवण्यासाठी मालकांना रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली. मागे ठेवलेल्या पगाराचा धाक त्या महिन्यांत चालेना. पण साथ ओसरली आणि माणसे परतली, तशी जुनी रीतही परतली.

१९२८च्या संपाच्या वेळी मालकांच्या मंडळाने सर्व गिरण्यांसाठी एकसारख्या नियमांचा, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर्सचा, मसुदा पुढे केला, आणि संपाची चौकशी करणाऱ्या फॉसेट कमिटीपुढे वेतनाच्या कोष्टकांबरोबर त्याचीही छाननी झाली. रजा, उशीर, हजेरीचे तिकीट, नोटीस, दंड, बडतर्फी या साऱ्या बाबी आता जॉबरच्या जिभेवर न राहता छापील कलमांत येणार होत्या. कामगारपुढाऱ्यांचा मुख्य आक्षेप असा की, नोकरीच्या अटी कामगारांना न विचारता बदलू नयेत. आणि तो आक्षेप सयुक्तिक होता, कारण नियम लिहिला गेला म्हणजे तो न्याय्य होतोच असे नाही. व्हिटली कमिशनने तीन वर्षांनी जी शिफारस केली ती यापेक्षा पुष्कळ उदार होती. गावाशी असलेला कामगाराचा संबंध हे त्याचे बळ आहे, तो तोडू नये. त्याला ठराविक मुदतीची रजा मागण्यास उत्तेजन द्यावे, वेळेवर परतल्यास जुने काम परत मिळेल असे आश्वासन देऊन त्याला पाठवावे, आणि चांगली नोकरी केलेल्याला शक्य तेथे रजेसाठी काही भत्ताही द्यावा, असे त्या अहवालात आहे. या शिफारशीचे पूर्ण पालन झाले असते तर पुढचा बराच मनस्ताप वाचला असता.

झाले ते असे की, १९३५ साली गिरणीमालकांनी बदलीच्या भरतीवर नियंत्रण आणले. दर महिन्याच्या एक तारखेस निवडक उमेदवारांना बदलीची कार्डे मिळू लागली. त्यांनी रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी हजर राहायचे आणि त्या दिवशी जितक्या जागा रिकाम्या असतील तितक्यांना आत घ्यायचे, असा क्रम ठरला. जॉबरची मनमानी आणि लाचखाऊपणा यांना आळा बसावा हा यातला उद्देश चांगला होता, आणि काही प्रमाणात तो साधलाही. पण नात्याची बदली संपली, आणि फाटकाशी एक नवे दृश्य उभे राहिले, जे पुढे पन्नास वर्षे टिकले. भोंग्याची वेळ. कायम कामगार तिकिटे घेऊन आत जाताहेत. फाटकाबाहेर हातात कार्ड घेतलेली माणसे घोळक्याने उभी आहेत, डबा आणला तर व्यर्थ जाईल आणि न आणला तर दिवसभर उपाशी राहावे लागेल अशा विचारात. भोंगा थांबतो, थोडा वेळ जातो, आणि मग आतून खात्यांची आणि जागांची नावे घेत कोणी येतो: साचेखात्यात चार, कांडीखात्यात दोन. ज्यांचे नाव निघते ते आत धावतात, आणि बाकीचे दुसऱ्या पाळीपर्यंत थांबायचे की खोलीवर परतायचे याचा हिशेब करीत उभे राहतात.

या दृश्यात कामगार-चळवळीचा एक फार अवघड पेच साठवलेला होता, ज्याबद्दल युनियनच्या व्यासपीठावरून क्वचितच बोलले गेले. कायम माणसाचा खाडा हाच बदलीचा रोजगार होता. ज्या युनियनने गैरहजर राहिलेल्या सभासदाची बाजू मांडायची, तिचाच दुसरा सभासद फाटकाबाहेर त्याच्या गैरहजेरीची वाट पाहत उभा असे. एकाला रजा मिळावी, ती सन्मानाने आणि भरपगारी मिळावी, हे जितके न्याय्य, तितकेच दुसऱ्याला बाराही महिने काम मिळावे हेही न्याय्य. मालकाला मात्र या योजनेमुळे दोन्हीकडून निश्चिंती मिळाली: साचा रिकामा पडण्याची भीती उरली नाही, आणि आत असलेल्या प्रत्येकाला बाहेर उभी असलेली माणसे रोज दिसत राहिली. ज्याच्या जागेवर दहा जण टपलेले आहेत तो आपल्या आजारपणाची वर्दी कोणत्या आवाजात देणार!

कायदा मात्र या काळात एकेक पाऊल पुढे जात होता. १९२९च्या मुंबई इलाख्याच्या प्रसूतिलाभ कायद्याने बाळंतपणाच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांसाठी रोज आठ आणे देण्याचे बंधन मालकांवर घातले. या विधेयकाला कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो जोरदार पाठिंबा दिला तो प्रसिद्ध आहे. बाळंतीण गैरहजर राहते ती अपराधी म्हणून नव्हे, हे सरकारी कायद्याने मान्य केले, ही त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट होती. १९३६च्या वेतन-प्रदान कायद्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली आणि गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजेरीच्या काळापुरतीच असली पाहिजे असे ठरवून दुहेरी खाड्याचा पाया काढून घेतला. त्याच कलमात मात्र एक अपवाद राहिला: दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, सूचनेवाचून आणि वाजवी कारणावाचून गैरहजर राहिले, तर नोकरीच्या अटींत तरतूद असल्यास आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापता येईल. एकाचा खाडा एकेरी झाला. दहांचा खाडा एकत्र आला की तो अजूनही गुन्हाच होता.

भरपगारी रजेची कल्पना हिंदुस्थानच्या कायद्यात आली ती १९४५ साली. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर-सदस्य, म्हणजे मजूरमंत्री, होते, आणि बारा महिने सलग नोकरी केलेल्या कामगाराला वर्षाकाठी दहा दिवसांची भरपगारी सुटी देणारी दुरुस्ती त्यांच्या कारकिर्दीत झाली. १९४८च्या कारखाना-कायद्याने कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस असा हिशेब घालून दिला. मजकूर वाचला म्हणजे मन प्रसन्न होते. पण अटी वाचाव्यात. अर्ज लेखी हवा, तो मॅनेजरकडे पंधरा दिवस आधी हवा, रजा वर्षातून तीन खेपांपेक्षा अधिक वेळा घेता येणार नाही. आजारपणासाठी मुदतीची अट शिथिल होती, हे खरे. परंतु सासरा मेला, घराचे छप्पर उडाले, बैल दरीत पडला, यांतले काहीच पंधरा दिवस आधी कळत नाही. पुढे १९५४च्या दुरुस्तीने वर्षात २४० दिवस भरण्याची अट आली, आणि फाटकाशी उभा राहणारा बदली, ज्याला महिन्यातून पंधरा दिवस काम मिळाले तर तो स्वतःला भाग्यवान समजे, या रजेच्या हिशेबातून बाहेरच राहिला.

स्टँडिंग ऑर्डर्स, ज्यांना पुढे मराठीत ‘स्थायी आदेश’ म्हणू लागले, १९४६च्या कायद्यांनंतर सर्वत्र रूढ झाल्या. त्यांच्या आदर्श नमुन्यात किरकोळ रजेसंबंधी एक वाक्य होते, ज्याचा आशय असा की, अशी रजा घेण्यापूर्वी साधारणपणे खातेप्रमुखाची परवानगी घ्यावी, आणि ते शक्य नसेल तर शक्य तितक्या लवकर त्याला गैरहजेरीची लेखी खबर द्यावी. यात कोणाला खोट दिसणार नाही. परंतु हे वाक्य डिलाइल रोडच्या चाळीतल्या एका खोलीत, पहाटे पाच वाजता, अंगात ताप भरलेल्या माणसाला लावून पाहावे. त्याला लिहिता येत नाही. शेजारच्या खोलीतल्या शाळकरी पोराला उठवून वहीच्या पानावर चार ओळी लिहून घ्यायच्या, अंगठा उठवायचा, आणि ती चिठ्ठी त्याच पाळीला जाणाऱ्या गाववाल्याच्या हाती द्यायची. गाववाला दुसऱ्या खात्यातला. त्याला स्वतःच्या तिकिटासाठी भोंग्याआधी आत पोचायचे आहे. फाटकावरचा पहारेकरी म्हणतो टाइमकीपरकडे दे. टाइमकीपर म्हणतो हे खात्याचे काम आहे. खात्यातला कारकून नऊला येतो. दुपारी चिठ्ठी गाववाल्याच्या सदऱ्याच्या खिशातच असते, आणि हजेरीपटावर आजाऱ्याच्या नावापुढे विनापरवाना गैरहजेरीची खूण केव्हाच पडलेली असते. अशा दहा दिवसांहून अधिक खुणा सलग पडल्या, किंवा वरचेवर पडत गेल्या, तर त्याच स्थायी आदेशांप्रमाणे ते गैरवर्तन. आणि रजेची मुदत संपल्यावर आठ दिवसांत परत येऊन समाधानकारक खुलासा दिला नाही तर कायम जागेवरचा हक्क गेला, नाव बदलीच्या यादीत. पंधरा वर्षे साचा चालवलेला माणूस एका चुकलेल्या बोटीपायी फाटकाबाहेरच्या घोळक्यात जाऊन उभा राहू शकत होता.

खुलासा ‘समाधानकारक’ हवा. आणि समाधान व्हायचे ते मालकाचे. माझ्या समजुतीप्रमाणे सगळ्या तक्रारीचा गाभा इथे आहे. ते समाधान जॉबर जोवर देत होता तोवर ते पैशाने मिळे, आणि जॉबरचा अधिकार गेला तेव्हा ते कागदाने मिळू लागले. १९५४ साली कामगार राज्य विमा योजना मुंबईत लागू झाली आणि गिरणगावात पॅनेल डॉक्टर आला. आजारपणात साधारण अर्ध्या मजुरीइतका आधार, औषधपाणी, परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय, हे लाभ लहान नव्हते, आणि ज्या कुटुंबांनी त्यापूर्वीचे दिवस पाहिले होते त्यांनी ते कृतज्ञतेने घेतले. पण आजारी माणसाचे पहिले काम आता निजणे हे राहिले नाही. दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसणे, दाखला घेणे, तो ठरल्या मुदतीत पोचवणे, आणि बरे झाल्यावर पुन्हा कामाला लायक असल्याचा दाखला घेणे ही त्याची कामे झाली. पहिल्या दोन दिवसांचा लाभ मिळत नसे, म्हणून दोन दिवसांच्या तापाला हे सारे करूनही हाती काही येत नसे. मालक म्हणत की पॅनेल डॉक्टर दाखले सैल हाताने देतात. आणि काही देत असतील, हे मीही अमान्य करीत नाही. परंतु सैल दाखल्याचा संशय ज्याच्या छातीत खरोखर कफ साठला आहे त्याच्यावरही तितकाच पडे, आणि हवेत मुद्दाम ओल राखलेल्या, कापसाच्या तंतूंनी भरलेल्या खात्यांत आयुष्य काढणाऱ्या माणसाला खोकला येणे ही काही शंका घेण्यासारखी गोष्ट नव्हती.

या संशयाला न्यायालयाचे पाठबळही मिळाले. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक मिलमधला एक कामगार रजेवरून मुदतीत परतला नाही आणि पुढे त्याने आजारपणाचा दाखला दाखल केला. आठ दिवस विनारजा गैरहजर राहिलेल्याने नोकरी आपण होऊन सोडली असे समजावे, या स्थायी आदेशातल्या कलमावर कंपनीने बोट ठेवले. विमा-कायद्याचे ७३वे कलम आजारपणाच्या काळात कामगाराला बडतर्फीपासून व शिक्षेपासून संरक्षण देत होते. परंतु १९६०च्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, इथे मालकाने शिक्षा केलेलीच नाही, नोकरी नियमाप्रमाणे आपोआप संपली, तेव्हा ते संरक्षण लागू पडत नाही. कायद्याच्या भाषेत या युक्तिवादाला आधार असेल. ज्याची नोकरी गेली त्याला ती कोणी काढून घेतली नाही, तुझी तूच सोडलीस, असे सांगितले जाणे हे मात्र मला बडतर्फीहून कठोर वाटते.

तीस वर्षांनी, मे १९९३ मध्ये, त्याच न्यायालयाने उत्तर भारतातल्या एका कारखान्याच्या प्रकरणात निराळी भूमिका घेतली. कंपनी म्हणत होती की कामगार आठ दिवसांहून अधिक काळ विनारजा गैरहजर होता, म्हणून त्याचे नाव पटावरून गेले; कामगार म्हणत होता की तो रोज येत होता, त्याला फाटकाशीच अडवले जात होते. न्यायालयाने निर्णय दिला की स्थायी आदेशात काहीही लिहिलेले असो, माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय, चौकशीशिवाय, त्याचे नाव असे कमी करणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, आणि त्याला निम्म्या मागल्या वेतनासह कामावर परत घेण्याचा हुकूम झाला. शंभर वर्षांपूर्वी लोखंड्यांच्या सभेला जमलेल्या माणसांना याहून वेगळे काय हवे होते?

मुंबईच्या गिरणी कामगाराला या निर्णयाचा उपयोग फारसा झाला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, त्यात बदली कामगारांना कायम करावे ही मागणी होती. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि १९९३ उजाडेपर्यंत गिरण्या एकामागून एक बंद पडत चालल्या होत्या.

या इतिहासाची साधने विषम आहेत. हजेरीपट, दंडाच्या वह्या, लेबर ऑफिसची कोष्टके, न्यायालयांचे निवाडे हे सारे मालकाच्या किंवा सरकारच्या बाजूने लिहिलेले आहेत, आणि त्यांत खाडा आहे पण त्याचे कारण नाही. कारण होते ते वहीच्या पानावर शाळकरी अक्षरात लिहिलेल्या चिठ्ठीत, गावाहून आलेल्या कार्डात, पॅनेल डॉक्टरच्या दाखल्यात. लालबाग-परळच्या आणि कोकणातल्या पुष्कळ घरांत, एखाद्या ट्रंकेच्या तळाशी, बदलीच्या कार्डाबरोबर किंवा बिल्ल्याबरोबर असे कागद अजून असतील. ज्यांच्या घरी ते आहेत त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. एखाद्या ग्रंथसंग्रहालयाच्या किंवा कामगारविषयक संग्रहाच्या हवाली करावेत, आणि घरातले जुने माणूस हयात असेल तर त्या दिवशी काय घडले होते तेही त्याला विचारून लिहून ठेवावे.